माझी गुठळी आणि अशूचे उंदीर

हे मी उजव्या हातानं लिहितेय. एक ओळ झाली की हात मांडीवर ठेवून त्याला दम खाऊ द्यावा लागतो. सून म्हणाली, तुम्ही बोला, मी मोबाइलवर टाइप करते. पण मग ती तिच्याबद्दलचं सगळं गाळेल, आणि तिच्याबद्दल पुष्कळ आहे.

मी द्वारका. धारूर आणि वडवणीच्या मधल्या डोंगरात आमचं गाव आहे. घरी शेळ्या-मेंढ्या, थोडी ज्वारी. गावची अंगणवाडी मी केस पिकेपर्यंत चालवली. ज्याच्या अंगावरून वारं गेलंय, किंवा ज्याच्या घरात कुणाच्या गेलंय, त्याच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्याकडं लकव्याला वारं म्हणतात. डॉक्टर मेंदूचा झटका म्हणतात. नाव कुठलंही घ्या, भीती तेवढीच. मला ती अजून वाटते. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी मी हळूच माझं नाव म्हणून बघते. नाव आलं की मग डोळे उघडते.

उंदरांचं गार पाणी

माझी नात अशू पुण्यात एका प्रयोगशाळेत शिकते. तिथं उंदरांवर काम चालतं. उंदराच्या मेंदूत जाणाऱ्या नळीत हे लोक रक्ताची गुठळी सोडतात, म्हणजे त्याला मुद्दाम लकवा आणतात. मग गुठळी विरघळवायचं औषध देतात. काही उंदरांना त्याच्या जोडीला गार करतात. तिचं म्हणणं, मेंदू गार झाला की त्याची भूक कमी होते, रक्त पोचलं नाही तरी तो थोडा वेळ तग धरतो.

व्हिडिओ कॉलवर ती हे सांगायची तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसायचे. म्हणायचे, "आम्ही उंदीर मरावेत म्हणून औषध घालतो, तू जगावेत म्हणून घालतीस. तुझं लग्न कसं व्हायचं?" आमचे हे मात्र फोन कानाला नाही, डोळ्याला लावून ऐकायचे. किती गार, कशानं गार, बर्फानं का पाण्यानं? नातीचा उंदीर म्हटलं की ह्यांना तो घरातलाच वाटे. अशू सांगायची की हे अजून उंदरांपुरतंच आहे, माणसांचं वेगळं, आणि गारव्यानं औषधाचाच जोर कमी होतो का हेही बघायचंय. तेवढा भाग ह्यांनी सोडून दिला. माणूस ऐकताना गोड तेवढं उचलतो.

आणि मी? रक्तदाबाची गोळी मला वडवणीच्या डॉक्टरनं रोजची दिली होती. मी ती डोकं दुखलं तरच घ्यायचे. विशीतल्या द्वारकेला वाटायचं की आजारपण हे पलंगावर बसून खाणाऱ्या बायांचं काम. बाळंत होऊन चौथ्या दिवशी ती मेंढरामागं गेली होती आणि ते गावभर सांगत फिरली होती. तिला कुणी तेव्हाच दोन फटके द्यायला पाहिजे होते. ती म्हणायची, मला मरण येईल ते बोलता बोलता येईल. देवानं तेवढं मात्र नीट ऐकून ठेवलं होतं.

वाक्य अर्ध्यात

उन्हाळा होता. जेवणं झाली, मी जरा लवंडले, उठले. अंगणात सुनंदानं, म्हणजे माझ्या सुनेनं, अशूच्या आईनं, करडू सोडलेलं, आणि ते शेळीचं सगळं दूध पिऊन बसलेलं. मला विषय मिळाला. मी बाजेवर बसून सुरू झाले. तिच्या माहेरावर गेले, तिच्या माहेरच्या शेळ्यांवर गेले. तीही काही कमी नाही. ती म्हणाली, "करडाची आई हाय ती, तुमची न्हाई." खाली रस्त्यानं धारूरची तीनची एसटी हॉर्न वाजवत गेली. मी म्हणाले, "तुझ्या आईनं तुला..."

आणि पुढचा शब्द नव्हता.

विसरले असं नाही. विसरलेला शब्द जिभेवर घुटमळतो. इथं तोंडात काहीच नव्हतं, रिकाम्या कणगीत हात घातल्यासारखं. उजवा हात मांडीवर पडला होता आणि तो मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. मी त्याच्याकडं बघत राहिले की हा कुणी ठेवला इथं.

सुनंदानं थोडं थांबून पाहिलं. मी काही बोलेना. तिला वाटलं, म्हातारीनं अबोला धरला. आमच्याकडं भांडणात हरायला लागलं की बाया अबोला धरतात, आणि मी त्यातली जुनी उस्ताद. ती बादली उचलून आत निघून गेली. तिची काही चूक नव्हती. मी तिच्या जागी असते तर बादली आपटून गेले असते.

मी बाजेवर तिरपी होत गेले. ऊन पायांवर आलं. हाक मारायची होती आणि हाक म्हणजे काय हेच सापडत नव्हतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. लांडगा वाड्यात शिरलेला मी पाहिलाय. पण तेव्हा ओरडता येत होतं.

गरम पार्टी, गार पार्टी

हे रानातून आले आणि मला पाहिलं तेव्हा तोंड एका बाजूला उतरलं होतं आणि लाळ गळत होती. ते ओरडले. सुनंदा बाहेर आली, ह्यांच्याबरोबरच परतलेला माझा मुलगा दत्ता गोठ्यातून आला, आणि शेजारच्या घरातून माझ्या थोरल्या जाऊबाई गयाबाई आल्या. त्यांनी मला एकदाच पाहिलं आणि निकाल दिला. "वारं गेलंय. दारं लावा. घोंगडी आना. लसणाचं तेल तापवा." वारं अंगात शिरलं तर अंग झाकायचं, ही आमची रीत. एप्रिलच्या उन्हात मला दोन घोंगड्यांत गुंडाळलं.

ह्यांनी घोंगड्या ओढून काढल्या. "गरम नगं. अशूनं सांगितलंय, गार करायचं. उंदरं वाचली त्येनं." आणि दत्ताला मोटारसायकलवर फाट्यावरच्या रसवंतीला बर्फ आणायला पिटाळलं.

"उंदीर हाय का ती?" जाऊबाई म्हणाल्या.

"गप ऱ्हा वहिनी. शिकलेली हाय पोरगी."

मग एकीकडून घोंगडी चढायची, दुसरीकडून ओला टॉवेल पडायचा. पायाला तेल, कपाळाला पाणी. आज लिहिताना मला हसू येतं. तेव्हा मी आत बसून ऐकत होते. प्रत्येक शब्द कळत होता, कोण काय म्हणतंय ते सगळं, आणि मी विहिरीच्या तळाशी होते. वर माणसं काठावर बसून भांडत होती की दोर सुती टाकावा का नायलॉनचा. जाऊबाई चमच्यानं कसला तरी काढा तोंडात घालायला लागल्या. गिळायचं कसं हे मला आठवेना. काढा घशात अडकला आणि मला वाटलं, आता ह्या काढ्यानंच जाणार.

सुनंदानं चमचा हिसकावला. तिनं कुणालाही न विचारता अशूला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दत्ता तेवढ्यात पोत्यात बर्फ घेऊन आलाच होता.

अशूनं दोनच प्रश्न विचारले, तोंड वाकडं झालंय का आणि हात उचलतोय का. मग तिचा आवाज बदलला. "गार नको, गरम नको, तोंडात पाण्याचा थेंब नको. गाडीत घाला. बीडला, जिथं सिटी स्कॅन आहे तिथंच. मधे कुठं थांबू नका."

"अगं पण उंदराला..." हे म्हणाले.

"आबा, उंदराला मी गाडीत घालू शकत नाही, म्हणून गार करते. तुम्ही घाला."

रस्ता

शेजाऱ्यांची जीप होती. माझं डोकं सुनंदाच्या मांडीवर. वडवणीत बाजार भरलेला, गाडी टोपल्यांच्या आणि टरबुजांच्या ढिगांमधून रांगत चालली. काचेतून मला बायांची तोंडं दिसत होती. कुणी वांगी निवडत होतं, कुणी भाव करत होतं. त्यांची तोंडं हलत होती. मला त्यांचा इतका हेवा वाटला की डोळ्यातून पाणी आलं, तेही एकाच डोळ्यातून गालावर आलेलं कळलं. दुसरा गाल बधिर होता.

मधूनच जाऊबाईंची बहीण आठवली. अशीच वारं गेलेली, पुढची सगळी वर्षं ओसरीच्या कोपऱ्यात. तिच्याशी लोक मोठ्यानं बोलायचे, जणू ती बहिरी आहे. तिच्यासमोरच तिच्या मरणाचं बोलायचे. ती ऐकत होती का? हे मला कधी सुचलं नव्हतं. त्या जीपमध्ये सुचलं.

खोटं

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होती. स्कॅन झालं. ती बाहेर येऊन म्हणाली, रक्तस्राव नाही, गुठळी आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते सुरुवातीच्या चार-साडेचार तासांतच देता येतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्त उतरायचा धोका फार वाढतो. "या शेवटच्या धडधाकट कधी होत्या? कुणी पाहिलं?"

सगळ्यांनी सुनंदाकडं पाहिलं. घरात तीच होती.

तिनं पदर सारखा केला. "जेवून झोपल्या व्हत्या. उठल्या त्या अशाच."

"जेवल्या किती वाजता?"

"बाराच्या सुमाराला."

भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच होत आले होते. डॉक्टरीणबाईनं मान हलवली. झोपेतून उठल्यावर दिसलं तर झोपायच्या आधीची वेळ धरावी लागते, म्हणाली. मग वेळ गेलीय. आपण दुसरे उपचार करू.

मी स्ट्रेचरवर, त्यांच्यापासून दोन हातांवर. खोटं! एसटीच्या हॉर्नपर्यंत मी धडधाकट भांडत होते. ते दोघींनाच माहीत होतं. एकीच्या तोंडात शब्द नव्हता आणि दुसरी खोटं बोलत होती. मी डावा हात वर केला. दत्तानं तो धरला, थोपटला, "आई, पडून ऱ्हा." मी घशातून आवाज काढला. तो जनावरासारखा निघाला. नर्सनं स्ट्रेचरचा कठडा वर केला.

सुनंदा खोटं का बोलली ते मला तिथंच कळलं होतं. गावात म्हटलं असतं, सासूशी भांडली आणि सासूच्या अंगावरून वारं गेलं. जाऊबाईंनी तर ते मारुतीच्या पारावर नेऊन ठेवलं असतं. सुनेला ते आयुष्यभर पुसता आलं नसतं. मी सून असते तर मीही हेच बोलले असते, आणि तिच्यापेक्षा चांगलं रचून बोलले असते. हे कळत होतं आणि तरी मला तिचा गळा धरावासा वाटत होता. माझं बोलणं तिच्या पदराच्या गाठीत होतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. अशू. दत्तानं घेतला आणि सांगितलं, वेळ गेली म्हणतात. अशूनं फोन आईला द्यायला लावला. स्पीकर नव्हता, पण आवाज मोठा होता आणि सुनंदा माझ्या उशाशीच उभी होती. मी सगळं ऐकलं.

"आई, नीट आठव. जेवल्यावर आज्जी उठलीच नव्हती?"

सुनंदानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आई, माझ्या उंदराला गुठळी मीच घालते. म्हणून मला मिनिट माहीत असतं. औषध कधी द्यायचं ते सोपं आहे. माणसाचं मिनिट कुणी सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. तू सांगितलं नाहीस तर डॉक्टरला कुठून कळणार?"

सुनंदानं खाली माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत काय होतं मला माहीत नाही, अर्धा चेहरा तर माझ्या ताब्यात नव्हता. मी विनवणी करायला गेले असेन आणि दिसलं भलतंच असेल.

ती डॉक्टरीणबाईच्या मागं धावली. मला तिचा आवाज ऐकू आला, सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेला असेल. "बाई, तीनची एसटी गेली तवा आमी भांडत व्हतो. लई भांडत व्हतो. बोलता बोलता गप झाल्या. मला वाटलं रुसल्या. आदी मी खोटं बोलले."

ह्यांच्या हातातला टॉवेल खाली पडला. दत्तानं भिंतीकडं तोंड केलं. डॉक्टरीणबाईनं एकदाच विचारलं, "नक्की? बोलणं स्पष्ट होतं?"

"माझ्या माहेराचा उद्धार करीत व्हत्या. स्पष्ट म्हंजे काय, शेजाऱ्यांनी ऐकलं आसल."

मुंगी

मग धावपळ झाली. रक्तदाब चढलेला, तो आधी उतरवायला लागला. सही करायच्या आधी सांगितलं की ह्या औषधानं कुणाकुणाच्या मेंदूत रक्त उतरतं, जीवही जातो. हे मला ऐकू येत होतं. दत्ताचा पेन थांबला. हे म्हणाले, "उंदरांचं काय हुतं?" आणि कुणीच हसलं नाही. दत्तानं सही केली.

अंगणवाडीत मी पोरांना लशीला धरून आणायचे आणि सांगायचे, मुंगी चावल्यासारखं होतं. एवढी थापाडी बाई जगात दुसरी नसेल. सुई दुखली नाही, ते खरं. पण नळीतून औषध आत जाताना मी छताकडं बघत प्रत्येक क्षणाला वाट पाहत होते की आता आत काहीतरी फुटेल. डोकं जड झालं की वाटायचं, हे रक्त. मान उबदार लागली की वाटायचं, हे रक्त. नर्स थोड्या थोड्या वेळानं यायची, हात उचला, पाय उचला, हसा, नाव सांगा. हसता येईना म्हणून रडू यायचं. तिनं कापडानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आजी, बोटं हलली बघा." मी पाहिलं. त्या दुसऱ्या कुणाच्या हाताची दोन बोटं हलत होती. मी हलवत होते.

हो

पुढचे दिवस दवाखान्याचे. सकाळी फिनेलचा वास, मग फिजिओथेरपीचा मुलगा, मग चेंडू दाबणं, मग मऊ खिचडी. पहिला घास गिळू दिला त्याआधी पाणी गिळता येतं का ते तपासलं. मीठ कमी होतं, तरी मी तसली खिचडी जन्मात खाल्ली नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या बाईला गुठळीचं इंजेक्शन मिळालं नव्हतं. तिच्या घरच्यांनी तिला आधी तीन ठिकाणी फिरवलं होतं. ती माझ्या हलणाऱ्या बोटांकडं बघायची. मी हात पदराखाली घ्यायचे.

बोलणं हातापायांपेक्षा उशिरा आलं. आधी एकच शब्द आला, हो. चहा पाहिजे? हो. नको का? हो. दुखतंय? हो. बरं वाटतंय? हो. डोक्यात "नाही" लख्ख असायचं आणि तोंडातून "हो" बाहेर पडायचं. डॉक्टरीणबाई म्हणाली, ह्या आजारात असं होतं, घाबरू नका. घाबरू नका म्हणणं सोपं. उद्या कुणी विचारलं, हिला घरी नेऊन कोपऱ्यात टाकायचं का, तर मी काय म्हणणार होते?

त्यापेक्षा वाईट झालं. एका दुपारी सुनंदा एकटीच होती. ती माझे पाय दाबत होती. वर न बघता तिनं विचारलं, "आत्याबाई, माज्यामुळं झालं का हे?"

मी म्हणाले, "हो."

ती पाय दाबायची थांबली. मी डोकं हलवलं, डावा हात तोंडावर मारला, पुन्हा बोलायला गेले आणि पुन्हा तेच निघालं, हो, हो. जितकं पुसायला गेले तितकं ते गिरवलं गेलं. ती उठून व्हरांड्यात गेली. नंतर ती रोज आली, डबा आणला, केस विंचरले. पण एक शब्द बोलली नाही. तिच्या मनात तो "हो" बसला होता आणि तो काढायचं हत्यार माझ्याकडं नव्हतं. इंजेक्शनच्या भीतीपेक्षा ही भीती लांब चालली. अर्धं अंग वाचलं आणि हिला मी मारून टाकलं, असं वाटायचं.

अशू पुण्याहून आली तेव्हा तिला मी हातवारे करून सांगायचा प्रयत्न केला. तिला वाटलं मला लघवीला जायचंय.

घरी

घरी आले तर बाया बघायला. खाटेभोवती बसल्या, चहा झाला. जाऊबाई मोठ्या आवाजात सांगत होत्या, बहिऱ्याला सांगतात तसं. वारं कसं गेलं, दारं लावायला त्यांनी कसं सांगितलं. मग आवाज किंचित खाली घेतला, म्हणजे आतल्या खोलीत नीट ऐकू जाईल इतका. "सुनेनंच कबूल केलं दवाखान्यात. भांडून भांडून पाडली हिला. खरं ना गं द्वारके?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आत कपबशा धुवायचा आवाज थांबला.

मी तोंड बंद ठेवलं. उघडलं असतं तर तेच आलं असतं. फिजिओवाल्या मुलानं सांगितलं होतं, आधी मनात म्हणा, ओठ जुळवा, मग आवाज सोडा. मी ओठ जुळवले. जाऊबाई "बघा, गप हाय, म्हंजे खरंच" म्हणाल्या. मी थांबले. मेंढी अडते तेव्हा तिला ओढायचं नसतं, उभं राहायचं असतं. घामानं पाठ भिजली. मग ते आलं, आधी नाकातून आणि मग तोंडातून.

"न्हाई."

जाऊबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मला पुढचंही म्हणायचं होतं. रक्तदाब, गोळ्या, गुठळी, आणि ती भांडत नसती तर माझी वेळ कुणाला कळली असती. त्यातलं एकही आलं नाही. म्हणून मी तेच पुन्हा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

सुनंदा दारात आली. हातात ओली बशी. डोळे लाल होते, पण तिरपे बघत होते.

"एवढं एक म्हणायला एवढे दिस लावले?" ती म्हणाली. "मी हिकडं वाळून गेले."

मला उत्तर सुचलं होतं, चांगलं झणझणीत. ते कुठल्या शब्दापासून सुरू करायचं तेच सापडेना. मी ओठ जुळवायला लागले. बाया एकेक करून उठल्या, चपला घातल्या, गेल्या. ती बशी हातात धरून तिथंच उभी राहिली.